सोळाव्या वर्षी सज्ञान झालेली कोरिना

कोरिना ग्रिंडल पहिल्यांदा माझ्या दारात आली ती स्वतःच्या बापाने विकलेला माल वाईट आहे हे सांगायला.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. त्या दिवसांत आमच्या पेटीग्रू बंदरात घरोघरी फरच्या झाडांचे शेंडे येऊन पडतात. बायका स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवतात आणि तारेच्या कड्यांवर शेंडे गुंडाळत नाताळची, दारावर टांगायची हिरवी चक्रं बांधायला बसतात. शेंडे खुडायचे ते तीनदा कडक हीव पडून गेल्यावर. त्याआधी खुडले तर दोन आठवड्यांत सुया गळतात आणि गिऱ्हाइकाच्या दारावर नुसती काडी उरते.

"मिसेस पिंकम, बाबांनी काल आणून टाकले ते शेंडे वापरू नका. एकाच हिवाचे आहेत."

चौदा वर्षांची पोर. अंगात बापाचं जाकीट, बाह्या तीनदा दुमडलेल्या.

"मग विकले कशाला?"

"त्यांना माहीत नव्हतं. मलाही आजच शाळेच्या बसमध्ये कळलं. हे मी घेऊन जाते. पुढच्या आठवड्यात तेवढेच चांगले आणून देईन."

"आणि तुझे बाबा काय म्हणतील?"

"त्यांना कळायला नको," ती म्हणाली. "त्यांना वाटेल मी त्यांना शिकवायला लागले."

पुढच्या आठवड्यात तिने शेंडे आणून दिले. मोजून तेवढेच नव्हे, थोडे वरच.

लेस्टर ग्रिंडल वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटेल. कुठलंही इंजिन त्याच्या हाताला वश व्हायचं. चर्चमध्ये उपासनेला आला की त्याच्या खर्जातल्या गाण्याने खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. पण त्याच्या पायाला भिंगरी होती. आज इथे बोटी दुरुस्त कर, उद्या तिकडे ट्रक चालव. नोरीन, त्याची बायको, नव्या घराला कधी पडदे लावायची नाही. "लावायचे आणि परत काढायचे, त्यापेक्षा उजेड बरा," असं म्हणायची. आमच्या गावात येईपर्यंत कोरिनाच्या अकरा शाळा झाल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी तिने अपूर्णांकच शिकले, कारण ती पोचायची तेव्हा वर्गात नेमके अपूर्णांकच चालू असायचे. हे तिनेच मला हसत सांगितलं होतं.

पेटीग्रूमध्ये ते दीड वर्ष टिकले. तोवर पोर आमच्यात मुरली होती. शनिवारी चर्चच्या तळघरात राजम्याचं जेवण असतं, त्याचे हंडे ती घासायची. ओहोटीला रबरी बूट चढवून चिखलातून तिसऱ्यांचे शिंपले काढायची. गणितात अपूर्णांकांच्या पुढे गेली होती. तिच्या बाई म्हणायच्या, ही पोर अशीच राहिली तर सर्व्हेयर होईल.

आणि मार्च महिन्यात लेस्टरने जाहीर केलं की जूनमध्ये निघायचं. दूर आर्कान्सा राज्यात त्याच्या मावसभावाने कोंबड्यांच्या कारखान्यात काम बघून ठेवलं होतं.

कोरिना म्हणाली, "मी येत नाही."

मी केक भाजला आणि तो घेऊन त्यांच्याकडे गेले. दोन वर्षं तिला आमच्याकडे ठेवा, कागदोपत्री आम्ही तिचे पालक होऊ, असं मी आणि एमरीने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ठरवलं होतं. लेस्टरने केक घेतला आणि मला दारातच उभं ठेवलं.

"माझी पोर म्हणजे मांजराचं पिल्लू नाही, एल्व्हा, की गाव सोडताना शेजाऱ्याच्या पायरीवर ठेवून जावं."

"तसं नाही रे, लेस्टर."

"तसंच आहे. उद्या लोक म्हणतील ग्रिंडलची पोर पिंकमबाईने वाढवली."

तो रस्ता बंद झाला. मी प्रार्थना करत राहिले. कोरिनाही करत असेल, पण ती सोबत वाचतही होती. शाळेच्या ग्रंथालयात तिला एक पत्रक मिळालं. आमच्या मेन राज्यात सोळा पूर्ण झालेल्या मुलाला स्वतः न्यायालयात जाऊन म्हणता येतं, की मला आईबापाच्या ताब्यातून मोकळं करा, वयाच्या आधीच सज्ञान ठरवा. वकील न्यायालयच देतं. मात्र दाखवावं लागतं की राहायचं, खायचं, शिकायचं, दवाखान्याचं, सगळं मी माझं बघेन.

एप्रिलच्या नऊ तारखेला तिला सोळा लागून गेल्याचं... नाही, नीट लिहिते. नऊ एप्रिलला तिला सोळा पूर्ण झाली. दहा एप्रिलला तिने अर्ज दिला.

वकील मिळाला तो प्रेबल नावाचा तरुण मुलगा, पार पोर्टलंडहून आलेला. पहिल्याच दिवशी त्याचे बूट आमच्या अंगणातल्या चिखलात गेले. माझ्या टेबलाशी बसून त्याने पेन उघडलं.

"नोकरी कुठे करतेस?"

"कुठेच नाही," कोरिना म्हणाली.

"मग कमाई?"

"आत्ता तिसऱ्या. ऑगस्टात ब्लूबेरी. नोव्हेंबरात चक्रं. मधल्या काळात सरपण, लोकांची धुराडी साफ करणं, छपरावरचा बर्फ."

"पगाराच्या पावत्या?"

एमरी कोपऱ्यात जाळं शिवत होता. तो म्हणाला, "साहेब, ओहोटी पावती देत नाही."

बिचाऱ्या प्रेबलने पेन बंद केलं. त्याला कसं सांगावं की आमच्याकडे सगळं गावच असं जगतं, ज्या महिन्यात जे मिळेल ते. थोडा विचार करून तो म्हणाला, "मग ज्यांच्याकडे ती काम करते त्यांची पत्रं आणा. ती काय करते आणि त्याबदल्यात तुम्ही काय देता, बस्स, एवढंच लिहा."

एवढंच लिहायचं होतं. आणि तेवढंच आमच्या हातून लिहिलं गेलं नाही.

आमच्या गावाची एक खोड आहे, ती मला तोवर खोड वाटतच नव्हती. मला मदत लागली, असं इथे कुणी म्हणत नाही. म्युरिएल स्प्रेगच्या अंगणातला बर्फ तुम्ही तासभर उपसा, ती सांगेल, "कॉफीला बोलावलं होतं बाई, जाता जाता दोन फावडी मारली असतील." घेणारा नेहमी देणाऱ्याच्या तोऱ्यात बोलतो. देणाराही मान डोलावतो, कारण उद्या त्याची पाळी असते. त्यामुळे कोरिना ज्यांच्याकडे काम करायची त्या आम्ही नऊजणी पत्रं लिहायला बसलो तेव्हा 'कोरिना माझं काम करते' हे वाक्य कुणाच्याच लेखणीतून उतरेना. त्याऐवजी माया उतरली. म्युरिएलच्या शेडवरची खोली कोरिनाने भाड्याने घ्यायचं ठरवलं होतं. भिंतींना फळ्या तिने स्वतः ठोकल्या होत्या, चूलही बसवली होती. म्युरिएलने लिहिलं, 'माझ्या घराचं दार तिला सदैव उघडं आहे.' माझं पत्र तर दोन पानी होतं. लिहिण्याआधी मी गुडघे टेकले होते. 'माझ्या टेबलावर तिला कधीही गरम जेवण कमी पडणार नाही. ती मला लेकीसारखी आहे, तिची काळजी माझ्यावर सोडा.' एमरीला वाचून दाखवताना माझेच डोळे भरून आले.

आईबाप राजी नसले तर सुनावणीआधी मध्यस्थासमोर बसावं लागतं. तिथे लेस्टर तासाभरात तीनच शब्द बोलला, "पोर माझी आहे." त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस सुनावणी लागली. पत्रं लिहिणाऱ्या म्हणून आम्हालाही आत बसू दिलं. आम्ही नऊजणी रविवारच्या टोप्या घालून दोन बाकांवर दाटीवाटीने बसलो, एमरी मागच्या भिंतीशी उभा राहिला. समोर कोरिना, इस्त्रीचा शर्ट, नखांतला चिखल घासून काढलेला. पलीकडे लेस्टर आणि नोरीन.

न्यायाधीश थिबोडो म्हातारे होते, चष्मा कपाळावर ठेवून कागद नाकाशी धरणारे. त्यांनी पत्रं वाचली. एक, दोन, तीन. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघून हसतील.

"मिस्टर प्रेबल," ते म्हणाले, "जेवण मिसेस पिंकम देणार. छप्पर मिसेस स्प्रेग देणार. हिवाळी कोट कुणी, शाळेत सोडायला गाडी कुणी. हिला नऊ आया आहेत हे मला कळलं. पण कायदा मला विचारतो की ही मुलगी स्वतःचं स्वतः बघते का. या नऊ पत्रांत ती एकही काम करताना दिसत नाही. शेजाऱ्यांच्या मायेवर मी कुणाला सज्ञान ठरवू शकत नाही. उद्या माया आटली तर ही कुठे जाणार?"

"तेच मी म्हणत होतो, साहेब!" लेस्टर म्हणाला.

"तुम्हाला विचारलेलं नाही." मग ते कोरिनाकडे वळले. "तुझं काय म्हणणं आहे? या बायका तुला सांभाळतात, हे खरं?"

कोरिनाने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलली असती तर पुरे होतं. पण ते वाक्य बोलणं म्हणजे आम्हा नऊजणींना टोप्यांसकट खोटं पाडणं होतं, आणि दीड वर्षात ती आमचीच झाली होती.

"मिसेस पिंकम फार चांगल्या आहेत, सर," ती म्हणाली, आणि थांबली.

प्रेबल कुजबुजला, "सांग ना." तिने मान हलवली.

खोटी साक्ष देऊ नये हे मी रविवारच्या शाळेत मुलांकडून पंचवीस वर्षं पाठ करून घेतलं. प्रेमाने, डोळ्यांत पाणी आणून, आपल्याच माणसाच्या बाजूने दिलेली साक्षही खोटी असू शकते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि त्या खोट्याचा दंड ही पोर भरणार होती. जूनमध्ये ट्रकच्या मागच्या सीटवर बसून, तेराव्या शाळेत अपूर्णांक शिकायला.

मी उभी राहिले.

"बसा, मॅडम."

"बसवत नाही, साहेब. मी लिहिलेलं खरं नाही."

बाकावर टोप्या हलल्या. न्यायाधीशांनी चष्मा खाली घेतला. मला पुढे बोलावून शपथ दिली. मी पवित्र शास्त्रावर हात ठेवला.

"कुठलं खरं नाही?"

"गेल्या ऑक्टोबरात मी धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळावरून घसरले. उजवं मनगट मोडलं. व्यापाऱ्याला चारशे चक्रं द्यायचं आधीच कबूल केलं होतं. ती सगळी हिने बांधली. शाळेतून यायची, तारेच्या रिळाला गणिताचं पुस्तक टेकवायची आणि बांधत बसायची."

"आणि ते गरम जेवण?"

"तेही हिनेच शिजवलं, साहेब. मी खुर्चीत बसून मीठ कमी आहे म्हणायचे."

कुणीतरी फिसकन हसलं. तो एमरी होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"त्याबदल्यात तिला काय दिलंत?"

"निम्मे पैसे. मी जास्त देत होते, तिनेच निम्मे घेतले." मग शास्त्रावरचा हात आठवला. "नाही साहेब, हेही खरं नाही. मी निम्मेच देत होते."

न्यायाधीश खोकले. खोकलाच असावा.

मी खाली येते न येते तोच म्युरिएल पर्स छातीशी धरून उभी. "मी भाडं घेते तिच्याकडून! आठवड्याचं! दार उघडंबिघडं काही नाही, किल्ली तिच्याकडे असते!"

"म्युरिएल, शपथ घे आधी," मी म्हणाले.

"तू मला शिकवू नकोस, एल्व्हा. दोन पानं खोटं लिहिलंस तू, मी तीनच ओळी लिहिल्या. आणि साहेब, माझ्या चिमणीत वीतभर काजळी साचली होती. हिने छपरावर चढून काढली नसती, तर माझ्यासकट घर जळालं असतं."

मग काय, बांध फुटला. माझं सरपण, माझं कुंपण, माझ्या सासूला आंघोळ. नऊही जणी उभ्या, कुणी कुणाला बोलू देईना. ज्या गावात कुणाला कधी मदत लागली नव्हती, ते गाव कुणाला जास्त लागली यावरून भांडायला लागलं.

"एकेकीने, बायांनो, एकेकीने!" न्यायाधीशांनी टेबल ठोकलं. "मी कॅथलिक आहे, पण पापांच्या कबुल्या ऐकायचा अधिकार पाद्रीबाबांना असतो, मला नाही."

तासभर गेला. एकेकीची साक्ष झाली. कोरिना खाली बघत होती, कान लालबुंद. एवढ्या वेळात तीच तेवढी शरमली होती.

मग थिबोडो लेस्टरकडे वळले. "मिस्टर ग्रिंडल, आता बोला. तुमचं म्हणणं आहे की ही मुलगी स्वतःचं बघू शकत नाही."

"मी असं कधी म्हणालो?"

"तुमच्या लेखी जबाबात आहे."

"कागद काय, वकील लिहितात." लेस्टर उठून उभा राहिला, मान ताठ. "बघू शकत नाही? साहेब, टेनेसीत माझ्या फासळ्या मोडल्या तेव्हा घर कुणी चालवलं? बारा वर्षांची होती! ट्रकचा पाण्याचा पंप हिने बदलला, रस्त्याच्या कडेला, मी बाजूला बसून नुसती हत्यारं हातात देत होतो. या बायकांनी आज सांगितलं ते काहीच नाही. माझ्या पोरीला काही येत नाही असं म्हणणारा माणूस मला दाखवा!"

"म्हणजे ती स्वतःचं बघू शकते."

लेस्टरचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. ते शब्द तो मागे घेऊ शकला असता. पण मग त्याला म्हणावं लागलं असतं की आपली पोर लेचीपेची आहे, आणि ते त्याच्या जिभेवर येईना.

"बघू शकते," तो म्हणाला. मग खाली बसत, हळू आवाजात, "पण सोबत यावी असं वाटतं."

"ते वाटणं माझ्या पुस्तकात नाही, मिस्टर ग्रिंडल," थिबोडो म्हणाले, आणि त्यांचा आवाज मऊ होता. "ते तिला सांगा."

नोरीनने हात वर केला, वर्गात करतात तसा. "मी एक विचारू? कोरी, आजारी पडलीस तर?"

"आरोग्य केंद्रात कार्ड काढलंय, आई. धनुर्वाताची सुईसुद्धा घेतली."

"आणि सणाला?"

"सणाला तू ये. खोलीत दोघींपुरती जागा आहे. बाबा एमरीकाकांकडे झोपतील."

"घोरतो तो," नोरीन एमरीला म्हणाली. रडत रडतच म्हणाली.

थिबोडोंनी आदेशावर सही केली. "मिस कोरिना ग्रिंडल, आजपासून घरभाडं, करार, दवाखाना, शाळा, सगळीकडे तुझी सही चालेल. मतदान आणि दारू मात्र वयानेच. घाई करू नकोस."

"हो, सर."

म्युरिएलने माझा हात इतका दाबला की मोडून सांधलेलं मनगट पुन्हा ठणकलं. मी मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले. मागाहून वाटलं, नुसत्या मनातल्या मनात का? म्हणून पायऱ्या उतरताना मोठ्याने मानले. आमच्या आणखी चौघींनी आमेन म्हटलं आणि दारावरचा शिपाई दचकला.

खाली लेस्टर ट्रकला टेकून उभा होता. कोरिना त्याच्यासमोर जाऊन थांबली. दोघंही टायरकडे बघत होते.

"जिंकलीस," तो म्हणाला.

"तुम्हीच जिंकवलंत."

"माझं हे तोंड ना..." त्याने टोपी मागे सारली. "आता तुला 'हे कर' असं म्हणता येत नाही. म्हणून विचारतो. निघायच्या आधी एकदा ट्रकचं इंजिन तपासून देशील?"

"देईन. पण आता मी फुकट काम करत नाही."

लेस्टर हसला. इतका मोठ्याने की वरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. मग त्याने तिला जवळ ओढलं आणि त्याचं ते हसणं तिच्या खांद्यावर जाऊन वेगळंच काहीतरी झालं. आम्ही नऊजणींनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. निदान सातजणींनी तरी.

पुढचं गावाला माहीत आहे. आईबाप जूनमध्ये गेले, नाताळात आले, आणि तिसऱ्या वर्षी लेस्टर कायमचाच परतला. भिंगरीलाही वय होतं. कोरिनाने शाळा पूर्ण केली. सर्व्हेयर झाली. आज आमच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या जमिनींच्या हद्दी तिने आखलेल्या आहेत आणि म्युरिएलची ती शेड तिच्या मालकीची आहे. चर्चच्या नव्या छपराचं माप काढलं तेव्हा तिने एक पैसा घेतला नाही. पाळकसाहेबांनी वर्षाच्या अहवालात चक्क लिहिलं, 'आम्हाला मदत लागली, कोरिनाने केली.' आमच्या गावात असं छापून आलेलं ते पहिलंच.

पण कुणी मला तिच्याविषयी विचारलं, की मला त्याच दिवशीची दुपार आठवते. न्यायालयातून परत येताना ती म्हणाली, "मिसेस पिंकम, मला घरी नको, शाळेत सोडा. शेवटचा तास गणिताचा आहे."

आम्ही पोचलो तेव्हा दीड वाजला होता. उशिरा येणाऱ्याने कचेरीत पालकांची चिठ्ठी द्यायची, हा नियम. तिथल्या मिसेस टिबेट्स नियमाच्या पक्क्या. मान वर न करता त्यांनी हात पुढे केला.

"चिठ्ठी."

कोरिनाने वहीचं पान फाडलं, तिथेच उभ्या उभ्या लिहिलं आणि दिलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. 'कोरिना ग्रिंडल आज सकाळी शाळेत येऊ शकली नाही. तिला न्यायालयात काम होतं. कृपया तिची गैरहजेरी माफ करावी. आपली, कोरिना ग्रिंडल, पालक.' सोबत शिक्क्याचा आदेश.

मिसेस टिबेट्सनी चिठ्ठी वाचली. आदेश वाचला. पुन्हा चिठ्ठी वाचली. मग फडताळातून कोरिनाचं कार्ड काढलं, पालकाच्या सहीच्या चौकटीत लेस्टरच्या सहीवर एक सरळ रेघ मारली आणि कार्ड पुढे सरकवलं.

"नमुन्याची सही इथे कर. पुढच्या चिठ्ठ्या हिच्याशी ताडून बघेन."

कोरिनाने सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

"आणि तुझ्या पालकांना सांग," मिसेस टिबेट्स म्हणाल्या, चेहऱ्यावरची एक सुरकुती न हलवता, "असं काम असलं की आदल्या दिवशी कळवत जा म्हणावं."

"सांगते, मॅडम," कोरिना म्हणाली, आणि घंटा व्हायच्या आत गणिताच्या वर्गाकडे पळत सुटली.

"पळू नकोस!" मिसेस टिबेट्स ओरडल्या.